मेघदंत प्रधानाची युक्ती

राधाबाई नागपूरकडची, सातवी पास. नवरा देवीदास रेल्वेत डबे जोडणारा शंटर. १९५७ साली त्याची बदली भिलाईच्या नव्या सायडिंगवर झाली आणि दोघांनी मरोद्याजवळच्या मजूरवस्तीत, पत्र्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटलं. मूलबाळ नव्हतं. दुपार सरता सरत नसे. देवीदास ऑफिसातले रद्दी फॉर्म घरी आणायचा. त्यांच्या वह्या शिवून कोऱ्या पाठीवर ती लिहू लागली.

तिनं नीलकोट नावाचं राज्य रचलं. राजा आंधळा, राण्या तीन, आणि मेघदंत नावाचा प्रधान. गादीवर कोण बसेल आणि कोण उठेल, हे तो ठरवायचा. राधाबाईच्या पानापानांत विष होतं, गळे चिरलेले होते, बुरुजावरून फेकलेले राजपुत्र होते. असं रक्त आपल्या हातून कसं उतरतं, याचं तिचं तिलाच नवल वाटे.

आधी शेजारच्या चार रेजा, म्हणजे मजूर बायका, ऐकायला बसत. मग रविवारी दुपारी तलावाकाठच्या कडुनिंबाखाली शे-दीडशे माणसं जमू लागली. ही सगळी रुआबांध्याच्या बाजूला पाण्याची उंच टाकी बांधणाऱ्या एका ठेकेदाराची माणसं. त्याच्या हाताखाली दोन मुकादम होते. एक पंजाबराव: आडदांड, मोठ्यानं हसणारा, अंगठाबहाद्दर. त्याचे अर्ज राधाबाईच लिहून द्यायची. टाकीच्या परांचीचे दोर कुजले आहेत, नवे पाठवा, असा अर्ज त्यानं तिच्याकडून दोनदा लिहून घेतला होता. दुसरा मुकादम गुलाबराव. कपडे परीटघडीचे, आवाज हळू. तो शेवटच्या रांगेत बसायचा आणि एक शब्द सोडायचा नाही.

चौथ्या वहीत मेघदंतानं सेनापती रुद्रबाहूचा काटा काढला. स्वतः बोट लावलं नाही. सेनापतीनं सैन्याचं धान्य शत्रूला विकलं, एवढी आवई उठवली. उपाशी सैनिकांनी रुद्रबाहूला किल्ल्याच्या चौकात दगडांनी ठेचलं, आणि मेघदंतानं त्याच्या तिरडीला खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव दारात आला. हातात गुळाची ढेप होती.

"वहिनी, एक इचारू? मेघदंतानं ते आवई पहिले कोनाच्या कानात टाकली?"

आपली कथा कुणी इतकी मनावर घेतली, याचंच तिला अप्रूप वाटलं. "ते लिहिलं नाही म्या. पन माह्या मनात हाये. जिचं पोरगं नुकतंच मेलं, तिच्या कानात. दुःखातलं मानूस पुरावा मागत नाही, भाऊ."

"खरं हाये," गुलाबराव म्हणाला, आणि गूळ ठेवून गेला.

महिन्याभरानं, मार्चातल्या एका गुरुवारी, टाकीची परांची कोसळली. चाळीस फुटांवरून तीन रेजा खाली आल्या. त्यातली दुर्गा सतरा वर्षांची होती. खाली रोवलेल्या सळईनं तिला आरपार भोसकलं. तिची थोरली बहीण पंचफुला खालीच घमेलं घेऊन उभी होती. दुर्गाला सळईवरून काढताना तिनं बहिणीचं डोकं धरलं होतं.

शनिवारी सकाळी हजेरीच्या वेळेला राधाबाई देवीदासचा डबा घेऊन सायडिंगकडे निघाली होती. टाकीजवळ तिला गलका ऐकू आला. मजुरांचं कोंडाळं, मधोमध पंजाबराव. त्याच्या कपाळातून रक्त वाहत होतं.

"अरे, काय झालं सांगा तं! म्या काय केलं?" तो ओरडत होता.

"दोर इकले तुनं!" पंचफुला किंचाळली. "माही बहीण खाल्ली!" आणि तिनं धोंडा उचलून त्याच्या तोंडावर मारला.

मग कुणी थांबलं नाही. त्याच्याच हाताखालचे, त्याच्याच ताटात जेवलेले लोक होते ते. पंजाबराव गुडघ्यावर आला. दोन्ही हात डोक्यावर धरले, तर बोटं फुटली. एकानं लोखंडी सब्बल पाठीत घातली. तो पालथा पडला तरी दगड पडतच राहिले. आधी टणक आवाज येत होता, मग ओला येऊ लागला.  अर्ज आपण लिहिले होते, एवढंच राधाबाईला ओरडून सांगायचं होतं, ते राहून गेलं. तिचे पाय जमिनीत रुतले होते.

संध्याकाळी तिरडी निघाली. गुलाबरावानं पुढचा खांदा दिला. त्याला ढसाढसा रडताना पाहिलं तेव्हा राधाबाईला मेघदंताचा खांदा आठवला.

ती तशीच पंचफुलाच्या झोपडीवर गेली. "बाई, दोर इकल्याचं तुले कोनं सांगतलं?"

"गुलाबरावानं. दुर्गाची राख गरम होती, तवाच आलता बिचारा."

राधाबाईनं तिला काही सांगितलं नाही. घरी येऊन देवीदासला सगळं सांगितलं. त्यानं विडी पेटवली.

"पोलिसात जाऊ म्हनतेस? आन काय सांगशील, कथा लिहिली म्हून? चार मजुरांले धरून नेलं, त्यायनं गुलाबरावाचं नाव घेतलं काय? आता दोन्ही टोळ्या त्याच्याच हातात हायेत. गप राहा, राधे."

ती पंधरा दिवस गप राहिली.  दोन रविवार वाचन झालं नाही. तिसऱ्या रविवारी गुलाबरावाचा माणूसच बोलवायला आला. कडुनिंबाखाली माणसं दाटली होती. गुलाबराव आता पहिल्या रांगेत होता, खुर्चीवर.

"वाचा, वहिनी. लोक वाट पाहून राहिले. मेघदंताचं पुढं काय झालं?"

राधाबाईनं वही उघडलीच नाही. "नीलकोट म्या रचलं. खोटं हाये ते. आता खरं सांगते." तिनं वही मांडीवरून खाली ठेवली. "पंजाबरावानं दोर इकले नाहीत. नव्या दोरांसाठी त्यानं दोनदा अर्ज देल्ला, आन दोन्ही म्या माह्या हातानं लिहिले. आवई या गुलाबरावानं उठवली. कशी उठवाची, ते माह्याकडूनच शिकून गेला. गूळ घेऊन आलता."

गुलाबराव हसला. "बाईचं डोकं कथेत अडकलं."

पण कुणी हसलं नाही. आपण कुणाला मारलं, ते एकेकाला कळत चाललं होतं. पंचफुला उठून उभी राहिली. राधाबाईनं पाहिलं, की शंभर हात जमिनीवरचे दगड चाचपडताहेत, आणि हे आपण केलं.

"थांबा! दुर्ग शहराले नेऊ त्याले, ठाण्यात देऊ!" ती ओरडली.

पहिला दगड खुर्चीवर बसला. गुलाबरावाच्या माणसांनी लाठ्या काढल्या. राधाबाईच्या शेजारी बसलेला देवीदास मध्ये पडला, त्याचं गळपट्टीचं हाड कडकन मोडलं. पंचफुलानं फावडं उचललं आणि पूर्ण ताकदीनं घातलं. गुलाबरावाचा खांदा उघडला, पांढरं हाड दिसलं. तो कोसळला. तिनं परत फावडं उगारलं तेव्हा राधाबाई धावली. या वेळी पाय हलले. ती त्याच्या अंगावर आडवी पडली.

एक दगड तिच्या जबड्यावर बसला. तीन दात मातीत पडले. तोंडातून रक्ताची गुळणी आली, आणि ते पाहून गर्दी एकाएकी थबकली. खाली गुलाबराव विव्हळत होता. "सोडू नोको, वहिनी," तो तिच्या पदराला धरून म्हणत होता. त्याच्या अंगाला घाम, अत्तर आणि रक्ताचा वास येत होता. तिला त्याची किळस आली, तरी ती उठली नाही. पोलीस येईपर्यंत तशीच पडून राहिली.

दुर्ग शहराच्या कोर्टात खटला चालला. तिनं साक्ष दिली. जबडा वाकडा जुळला होता, शब्द नीट उमटत नव्हते. कानात सांगितलेल्या गोष्टीला पुरावा नव्हता. गुलाबराव सुटला. त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला आणि तो भिलाई सोडून गेला. पंचफुलाला पाच वर्षांची शिक्षा झाली.

राधाबाई रायपूरच्या तुरुंगात तिला भेटायला जायची. पहिल्या दोन खेपांना पंचफुला बाहेरच आली नाही. तिसऱ्यांदा आली, जाळीपलीकडे बसली.

"मले माफ कर, पंचफुला. ते युक्ती माहीच होती."

"मले कावून माफी मागतेस?" पंचफुला म्हणाली. "माह्या हातानं तो देवमानूस मेला. त्याच्या बायकोकडे जाऊन माग. मलेबी तिथंच जाचं हाये."

पंचफुला सुटल्यावर, १९६३ च्या माघात, दोघी पंजाबरावाच्या गोंदियाकडच्या खेड्यात गेल्या. त्याची बायको अंजनाबाई अंगणात धान पाखडत होती. पंचफुलानं डोकं जमिनीला टेकवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. राधाबाईनं आपला वाटा सांगितला. अंजनाबाईचं सूप मध्येच थांबलं. ती आत गेली, बऱ्याच वेळानं तांब्याभर पाणी घेऊन आली आणि दोघींच्या पुढ्यात ठेवलं. बसा म्हणाली नाही. जा असंही म्हणाली नाही.

दोघी पाणी प्याल्या आणि तिथंच, अंगणाच्या कडेला, उभ्या राहिल्या.