फुटवा

नेस्तोरानं गुडघे टेकले आणि घाणेरीच्या बुंध्याशी साचलेला पाचोळा हातानं बाजूला केला. थंडीनं करपलेल्या काड्या खडखडल्या. त्यांच्याखाली, अगदी मातीला लागून, काही हिरवे डोळे फुटले होते. तिनं पाचोळा होता तसा सारला, घरात येऊन मुलीला फोन लावला.

"ओरालिया, फुटली बाई एकदाची. दुपारी ये. बॅग मी भरून ठेवते."

फोन ठेवताना मनगटावरची पट्टी ताणली गेली. भाजल्याची जखम अजून ओली होती. नवऱ्यानं, चेन्चोनं, पेटत्या गॅसवर टॉवेल वाळत घातला होता. तो ओढून काढताना तिला भाजलं. तेव्हापासून गॅसची बटणं काढून ती एप्रनच्या खिशात ठेवी. तो दार उघडून रस्त्यावर जाई, म्हणून रात्री ती दाराला खुर्ची टेकवून तिच्यावरच बसल्या बसल्या झोपे.

अट त्याचीच होती. कडाक्याच्या थंडीत, डोकं ठिकाणावर असलेल्या एका दिवशी, ओरालियानं वृद्धाश्रमाचा विषय काढला. त्यानं कुंपणालगतच्या घाणेरीकडे बोट केलं.

"फुटवा आल्याशिवाय कात्री लावायची नसते," तो म्हणाला होता. "आधी छाटली तर पोकळ काड्यांतून पाणी मुळाशी उतरतं आणि झाड जातं. फुटवा येऊ दे. छाटणी उरकतो, मग न्या मला कुठं न्यायचं तिथं."

दिलेला शब्द चेन्चोनं कधी मोडला नव्हता. पण आता त्याला सकाळचं खाल्लेलं आठवत नसे, तिथं ही अट काय आठवणार, असं मायलेकी धरून चालल्या होत्या.

कुंपणालगतचा तो ताटवा त्यानंच लावलेला. सॅन अँटोनियोत बागांच्या पाण्यावर बंदी आली, गल्लीतली हिरवळ जळून गेली, तरी नळीचा थेंब न मागता त्याची लाल-केशरी फुलं भर ऑगस्टात हसत असत. यंदा सगळ्या गल्लीतली घाणेरी फुटली. पलीकडच्या शेजारणीची, फिदेन्सियाची, तर कळ्यांवर आली. यांचीच तेवढी मेल्यासारखी उभी. चेन्चो रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन बसे.

ओरालिया आली ती चपला न काढता थेट परसात, बापापाशी.

"चला आपा, कात्री कुठंय तुमची? कापायचं ना?"

"काय, माझे केस? आहेत किती!" चेन्चोनं टकलावरून हात फिरवला.

नेस्तोरानं वाकून पाचोळा सारला. खाली नुसती माती होती. तिनं शेजारच्या झाडाखाली पाहिलं, मग त्याच्या पलीकडच्या.

"आमा, चष्मा लावला होतास ना?"

"लावला होता."

"मग गेले कुठं कोंब? सशानं खाल्ले?"

"घाणेरीला ससा तोंड लावत नाही," चेन्चो म्हणाला. "हरीणसुद्धा नाही." मग मातीकडे बघत पुटपुटला, "मेली असेल. नाहीतर थांबा अजून थोडं."

जेवणाआधी नेस्तोरानं त्याला हात धुवायला मोरीपाशी नेलं. त्यानं लहान मुलासारखे दोन्ही हात पुढे केले. साबण लावायला ती वाकली आणि घाणेरीच्या पानांचा उग्र वास तिच्या नाकात शिरला. उजव्या अंगठ्याच्या नखात हिरवा चोथा अडकला होता, अजून ओला.

तिनं मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"नळ बंद कर, नेस्तोरा," तो हळूच म्हणाला. "पाणी वाया चाललंय."

तिनं नळ बंद केला नाही. ब्रश घेऊन नख पांढरं होईपर्यंत घासलं आणि त्याचा हात स्वतःच्या एप्रनला पुसला.

आतून ओरालियाचा आवाज आला. "आमा, बॅग टाकते गाडीत! झाड फुटलं काय नि नाही काय, त्यांना कुठं आठवतंय?"

"राहू दे."

"काय राहू दे? खोली उद्यापर्यंतच धरलीय आश्रमवाल्यांनी. परत मिळायची नाही. आणि स्वतःचा हात बघ जरा!"

"फुटलं नव्हतं ते. माझीच नजर चुकली."

ओरालियानं बॅग दारातच आपटली. ती न जेवताच निघून गेली.

झाडाच्या मुळांत किती दम असतो हे नेस्तोराला ठाऊक होतं. असं रोज खुडत राहिलं तर उन्हाळा संपायच्या आत खरंच सगळं संपेल. तिनं खिशातून बटण काढून गॅसला लावलं, घेवड्याचं पातेलं चढवलं. गॅससमोरच्या खिडकीतून कुंपण दिसत होतं. चेन्चो बुंध्याशी वाकला होता. खाली हात घालण्याआधी त्यानं मान वळवून घराकडे पाहिलं.

नेस्तोरा झटकन खिडकीकडे पाठ करून उभी राहिली. घेवडा आटून करपायला लागला, तरी ती वळली नाही.