आठ बोटं वर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. दाराची नव्हे, आणि भाताबरोबर भुरकता ती कढी तर नव्हेच. जळगावच्या एका मुलींच्या शाळेच्या अंगणात सागाच्या खांबावर जडलेली मी बास्केटबॉलची कडी. माझ्यातून हजारो चेंडू गेले असतील, त्यांची मला आठवणही नाही. मला छळतात ते न गेलेले चेंडू, आणि ते तर माझ्यासमोर पडलेसुद्धा नाहीत. त्यांचीच ही गोष्ट आहे. ती ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म १९२९ सालचा. बैलगाडीच्या मोडक्या चाकाची लोखंडी धाव हारुनमियां लोहारांनी भट्टीत घातली, चिरली आणि ऐरणीवर ठोकून गोल केली. मला घडवून घेतलं झुंबरबाईंनी. त्या सोळाव्या वर्षी विधवा झाल्या. माहेरी परतून व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झाल्या आणि शाळेत कवायत शिकवू लागल्या. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत मडमांच्या मुली हा खेळ खेळत. बाई कुंपणाबाहेर उभ्या राहून बघत आणि एकेक नियम वहीत उतरवून घेत. खेळाच्या बाई म्हणून नाव काढायचं, हे त्यांनी त्या कुंपणापाशीच ठरवलं होतं.

शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी भाईदासशेठ कडी लावायला मोठ्या नाखुशीनं हो म्हणाले. "पोरी उड्या मारणार, लोक बघणार. एक तक्रार आली बाई, की कडी खाली आणि तुम्ही घरी."

वहीत लिहिलं होतं, कडी अठरा इंच रुंद आणि दहा फूट उंच. अभिमन सुतारानं मला हातानं मोजलं. अठरा इंच म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत नेमका एक हात. माप जुळलं म्हणून गडी खूश झाला. मग दहा फुटांचे त्यानं हातच केले. ते भरले साडेसहा हात आणि वर थोडे. अभिमननं सरळ सात हात धरले.

"मापात पाप नको बाई," तो म्हणाला. "लेकीबाळींचं काम आहे, थोडं जास्तीच देतो."

धान्य मोजताना शीग लावून द्यावं, तसं त्यानं मला वर चढवलं. त्याचं मन मोठं होतं, त्याला मी दोष देत नाही. झुंबरबाईंनी खालून पाहिलं आणि "छान" म्हणाल्या.

पिंपराळ्याच्या सुपडू पाटलांची भिकू ही बाईंची सगळ्यात लाडकी खेळाडू. तेव्हा मुलींच्या खेळात मैदानाचे तीन भाग असत. आपल्या भागाची रेघ ओलांडायची नाही आणि चेंडू टाकायचा तो फक्त पुढच्या भागातल्या मुलींनी. भिकू पुढची. ती गुडघे वाकवायची, चेंडू छातीशी धरून वर सोडायची आणि तो सुतळीच्या जाळीतून अल्लाद खाली यायचा. मला तिचा फार अभिमान वाटे.

१९३२ साली धुळ्याच्या मुलींशी सामना ठरला. भिकू तेव्हा चौदा वर्षांची. सुपडूआबा शाळेत आले आणि बाईंना म्हणाले, "धुळं जितीसन उनी ते पोर शाळामा ऱ्हाई. नही ते आखाजीले लगीन. स्थळ येल शे."

बाई हसल्या. "आबा, जिंकून आणते तिला."

मुली गेल्या आणि हरून आल्या. भिकूनं एकवीस चेंडू टाकले, त्यातला एकही गेला नाही. सगळे कडीच्या वरून मागच्या फळीवर आदळून परत फिरले. परतताना गाडीत कुणीतरी म्हणालं, हिचा हातच अपयशी. पोरी त्या बोलण्यावर हसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकू आपली पाटी-पुस्तकं न्यायला आली. माझ्याखाली उभी राहिली आणि लागोपाठ तीन चेंडू टाकले. तिन्ही माझ्यातून गेले.

"मन्हा हातले काय व्हयनं, बाई?" ती रडत म्हणाली. "आठे ते बठ्ठा जातस!"

ती गेली, पण 'इथे तर सगळे जातात' हे तिचं वाक्य बाईंच्या मनातून जाईना. त्यांनी शिडी लावली आणि शिवणवर्गातली इंचांची फीत माझ्यापासून जमिनीपर्यंत सोडली. एकशे सव्वीस इंच. हवे होते एकशे वीस. मी सहा इंच, म्हणजे आठ बोटं वर होते. पोरीचा हात तीन वर्षं त्या आठ बोटांसकट शिकला होता, आणि धुळ्याची कडी अगदी मापात होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वीस दिवस होते. सुपडूआबांना एवढंच सांगायचं होतं की चूक पोरीची नाही, कडीच्या उंचीची आहे. पण ते सांगितलं असतं तर कमिटीला कळलं असतं, की या बाईंना कडी धड मोजून लावता येत नाही. बाई तीनदा चपला घालून फाटकापर्यंत गेल्या आणि तीनदा परत आल्या. मी बघत होते. मला तोंड असतं तर मीच ओरडले असते.

भिकूचं लग्न झालं. सुट्टीत बाईंनी अभिमनला बोलावून मला आठ बोटं खाली घेतलं. त्यानं कारण विचारलं, तर म्हणाल्या, "वरचं लाकूड सडलं होतं." लाकूड अगदी ठणठणीत होतं.

पुढच्या वर्षी मुलींनी धुळं जिंकलं. मग नाशिक जिंकलं. इतर शाळा बाईंना खेळ शिकवायला बोलावू लागल्या. भाईदासशेठ स्वतः हार घेऊन आले. लोक बाईंना अक्का म्हणू लागले, आणि कौतुक ऐकताना अक्कांची मान खाली जाई. बघणाऱ्यांना वाटे, केवढी ही नम्रता!

भिकू लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी बाळंतपणात गेली. मागे एक मुलगी राहिली.

तेव्हापासून आमचं अंगण बिघडलं. खांबाला वर माझ्या जुन्या खिळ्यांची दोन भोकं तशीच होती. चैत्र-वैशाखात भरदुपारी, शाळा सुटून सगळं सामसूम झालं की तापलेला वारा त्यातून बारीक आवाज काढी. कुणी मुसमुसावं तसा. मी घाबरून जाई. अक्का ओसरीवरून उठत, डोक्यावर पदर घेत आणि हळूच म्हणत, "भिकू?" चेंडू खोलीत कुलपात असे, तरी आम्हा दोघींना तो फळीवर आदळल्याचा आवाज येई. मी मोजत असे. एकवीस झाले की थांबे. भोकं बुजवायला अक्का कुणाला हात लावू देत नसत.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. १९४६ च्या जूनमध्ये सुपडूआबा एका मुलीचा हात धरून आले. ते पार वाकले होते. मुलगी भिकूची, वच्छला. आजोळी वाढलेली.

"हिले शिकाडा," आबा म्हणाले. "पन चेंडू देऊ नका. इन्ही माय मरताना बी म्हने, मन्हा हातच खोटा शे."

कवायतीला उभ्या पन्नास मुली ऐकत होत्या. अक्का बोलल्या नसत्या तर कुणालाही, कधीही कळलं नसतं. पण त्या आबांच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि सगळ्यांसमोर बोलल्या. माझी उंची, ती फीत, फाटकापासून तीनदा परत फिरणं, सडक्या लाकडाचं खोटं. काही म्हणजे काही लपवलं नाही.

आबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. "कितलं वर व्हतं?"

अक्कांनी दोन्ही हातांची चार-चार बोटं जोडून दाखवली.

"तवय का नही सांगं, बाई?" आबांचा आवाज चढला नाही. मग आबांनी वच्छलाचा हात सोडला. "पोर शिकी. खेळी बी. पन तुम्हना हातखाल नही."

अक्कांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि बेबाबाईंच्या हाती दिली. बेबाबाई भिकूच्याच संघातली, आता इथेच शिक्षिका. धुळ्याहून परतताना गाडीत हसलेल्या मुलींत तीही होती. शिट्टी घेताना ती ढसाढसा रडली. अक्का त्या दिवसापासून फक्त गणित शिकवतात. मैदानावर पाऊल ठेवत नाहीत.

वच्छला रोज माझ्यातून चेंडू टाकते. हात अगदी आईचा. तिला सगळं ठाऊक आहे, तिच्या आईला मात्र कधीच कळलं नाही. दुपारचा तो आवाज अजून थांबलेला नाही.

म्हणून मित्रांनो, मला तेलपाणी करा, गंज खरवडा, जाळी नवी बांधा, पण त्याआधी मला मोजा. आणि माप चुकलेलं कळलं, तर ज्याच्या माथी तुमची चूक बसली आहे त्याच्या दारी त्याच दिवशी जा. फाटकातून परत फिरू नका. ते माणूस दुसऱ्या दिवशी असेलच असं नाही.