नोएमियाच्या खोलीतला दिवा

पोर्तुगालातल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या पोरांना गाण्याचं वेड, त्याला इलाज नाही. काळे झगे पांघरून, गिटारी घेऊन दहा-बारा जण एखादीच्या खिडकीखाली उभे राहतात. गाणारा पसंत असेल तर मुलीने खोलीतला दिवा तीनदा लावून विझवायचा. झालं, जमलं! पसंत नसेल तर काय करायचं, ते मात्र कुणी ठरवलेलंच नाही. दिवा लागला नाही की पोरं म्हणणार, लाजतेय, उद्या परत येऊ.

नोएमिया अंधारात पलंगावर बसली होती. सकाळी शरीररचनेची परीक्षा, मांडीवर पुस्तक, आणि स्वतःच्याच खोलीत दिवा लावायची चोरी. आठवडाभर हेच चाललं होतं. खाली लोरेन्सू गात होता. गळा गोड, पोरगा सरळ. हलकट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळी झाली असती. तिने त्याला कँटीनमध्ये तोंडावर सांगितलं होतं, मला यातलं काही नकोय. तो हसला होता. म्हणे, उत्तर खिडकीतून दे, रीत आहे. तेव्हापासून त्याचे दोस्त जिथे भेटतील तिथे तिला वहिनी म्हणत. चिडली तर म्हणत, बघा, आत्तापासूनच रुसते.

घरमालकीण दोना आल्बर्टिना दारात येऊन उभी राहिली. बाईचे डोळे पाणावले होते.

"लाव ना गं एकदा. किती आशेने गातोय."

"गातो छान, काकू. पण मला तो नकोय."

म्हातारीने डोळे पुसले. "माझ्या खिडकीखाली कधी कुणी आलं नाही बघ," म्हणाली आणि खाली गेली.

नोएमियाला तिची कीव आली, स्वतःचा रागही आला. आपण का म्हणून अंधारात बसायचं? ती उठली, दिवा लावला आणि खिडकीशी टेबलावर पुस्तक उघडून बसली. विझवायचाच नाही! लागलेला दिवा म्हणजे अभ्यास, बाकी काही नाही. गाणं थांबलं. सगळे वर बघत राहिले. तिने पान उलटलं. दिवा तसाच. लोरेन्सूने गिटार खाली घेतली. त्याला कळलं, असं तिला वाटलं, आणि तिने मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात दिवा गेला. आला. गेला. आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. गल्लीत एकच जल्लोष उसळला.

ती धडपडत जिना उतरली. जिन्याखाली, घराच्या मुख्य बटणावर हात ठेवून दोना आल्बर्टिना उभी होती.

"तुला धीर होत नव्हता, पोरी. म्हणून मीच केलं."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. नोएमियाने दार उघडलं आणि बाहेर येऊन सांगू लागली, दिवा मी विझवला नाही, मी नाही. कोण ऐकतंय? पोरांनी तिच्यापुढे रस्त्यावर आपले झगे अंथरले होते. लोरेन्सूने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"काय म्हणालीस?"

"नाही म्हणतेय मी. तुला, लोरेन्सू. नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग दोस्तांच्या तोंडांकडे. त्याला ऐकू गेलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं.

"खिडकी तर हो म्हणाली," तो म्हणाला, आणि त्याने तार छेडली.

"लाजल्या वहिनी," कुणीतरी ओरडलं. ती घरात जायला वळली, तर दोना आल्बर्टिनाने मागे मोठ्या मायेने दाराला आतून कडी घातली होती.