मंगळवारची नोंद

मी अपडेटची यादी बोलतेय. ओळखलं नाहीत ना? साहजिक आहे. रोज आठ-आठ तास कॉम्प्युटरसमोर बसणारी माणसंही मला ओळखत नाहीत. सेटिंग उघडायचं, पार खाली जायचं, तिथं 'अपडेट' लिहिलेलं दिसतं ते दाबायचं आणि मग 'अपडेटचा इतिहास' दाबायचा. एवढी दारं ओलांडली की मी भेटते. बहुतेक जण पहिल्या दारावरूनच परत फिरतात.

माझं काम अगदी साधं. कॉम्प्युटरमध्ये नवं काय बसलं, कुठल्या तारखेला बसलं आणि नीट बसलं की मध्येच अडकलं, एवढंच मी लिहून ठेवते. ते का बसलं, कुणाला विचारून बसलं, त्यानं कुणाचं भलं झालं, हे माझ्याकडे नसतं. मला मत विचारू नका, तारीख विचारा.

सात वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर या शिवणकारखान्यात आला. खोक्यातून काढून पहिल्यांदा सुरू केला त्याच दिवशी एका दमात अकरा नोंदी झाल्या. तो माझा जन्म. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी, माझ्या शेजारी कपाटाएवढं छपाईयंत्र आणि मालकिणीची खुर्ची. मागच्या खोलीत सहा शिलाई मशिनं आणि कापायचं लांब टेबल. इथं गणवेश शिवतात. नर्सचे, शाळेचे, हॉटेलातल्या वाढप्यांचे, ज्याची ऑर्डर येईल त्याचे.

मला दिसत काही नाही. कॉम्प्युटरचा कॅमेरा आहे, पण मालकिणीनं पहिल्याच आठवड्यात त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी लावून टाकली. "कोण कुठून बघत असेल, काय सांगावं," असं तिचं म्हणणं. माइक मात्र ती विसरली. त्यामुळे जे सांगतेय ते सगळं कानावर आलेलं आहे.

मालकिणीला सगळे ताई म्हणतात. कारखाना तिच्या वडिलांचा, आता ती चालवते. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवत नाही. आणि कापायच्या टेबलावर मास्तर. ते तिच्या वडिलांच्या वेळचे. ताई शाळेतून येऊन चिंध्यांच्या ढिगावर झोपायची, तेव्हाही कात्री मास्तरांच्याच हातात होती. चारचौघांत ते तिला ताई म्हणतात, दोघंच असली की पोरी.

पूर्वी मास्तर पॅटर्न हातानं काढायचे. आता ताई कॉम्प्युटरवर माप भरते, छपाईयंत्रातून मोठा कागद सरसरत बाहेर येतो आणि तो कापडाच्या थप्पीवर ठेवून मास्तर कापतात. प्रत्येक कागदाच्या एका कोपऱ्यात दहा सेंटिमीटरचा चौकोन असतो. तो टेपनं मोजायचा. भरला दहा, की बाकीचा पॅटर्नही बरोबर. मग चौकोनात पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची आणि कात्री उचलायची. हे काम मास्तरांचं. तिथं ताई कधी नाक खुपसत नसे.

आता माणसांच्या एका सवयीबद्दल बोलते. कॉम्प्युटर काहीही करण्याआधी विचारतो. 'अपडेट आलंय, आता बसवू?' असा निरोप पडद्याच्या उजवीकडे खाली येतो. लोक तो न वाचता 'नंतर' दाबतात. नंतर म्हणजे कधी, हे त्यांनाही ठाऊक नसतं. ताई दोन वर्षं 'नंतर' दाबत आली. मग एक दिवस तिला मापांचा तक्ता सारखा डोळ्यांसमोर हवा झाला. छाती, कंबर, खांदा, बाही, सगळ्या साइझची मापं लिहिलेला तो कागद तिनं पडद्यावरच चिकटवला. नेमका उजव्या कोपऱ्यात, खाली.

"आता कसं, मान वळवायला नको," ताई म्हणाली होती.

तेव्हापासून निरोप येत राहिले आणि तक्त्यामागे विरत राहिले. कॉम्प्युटरनं वाट बघितली, बघितली आणि शेवटी आपल्या मनानं काम उरकायला लागला.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलच्या नर्सचे साठ टॉप शिवायचे होते. चार साइझ, प्रत्येकीचे पंधरा. सोमवारी, सोळा तारखेला, ताईनं लहान आणि मधल्या साइझचे पॅटर्न छापले. मंगळवारी सतराला दुपारी सगळी मागच्या खोलीत डबे उघडून बसलेली असताना छपाईयंत्राचं अपडेट बसलं आणि कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मी नोंद केली. नाव, तारीख, यशस्वी.

ताई जेवून आली. "अगं बाई, लाइट जाऊन आली वाटतं," म्हणाली आणि उरलेले दोन मोठ्या साइझचे पॅटर्न छापायला घेतले.

टॉप शिवून गेले. तीस तारखेला हॉस्पिटलच्या हेडसिस्टर दोन पिशव्या घेऊन स्वतः आल्या.

"लहान आणि मधले अगदी छान बसलेत. मोठे मात्र एकीलाही नीट होत नाहीत. माझ्या दोन नर्सचे तर हात वर केला तेव्हा काखेत उसवले," त्या म्हणाल्या.

ताईनं टेप लावली. तीसच्या तीस टॉप छातीत दीड इंच कमी भरले. तिनं शुक्रवारपर्यंत नवे द्यायचं कबूल केलं, हेडसिस्टरना दारापर्यंत सोडलं आणि परत आली ती थेट मास्तरांकडे. मधलं दार उघडं होतं. मशिनं थांबली, त्यामुळे मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"मास्तर, तीस टॉप. एक-दोन नाही."

"पॅटर्नबरहुकूम कापलेत ताई."

"मग काय कापड आटलं? लहानाला नाही आटलं, मोठ्यालाच आटलं?" ताईचा आवाज चढला होता. मग तो एकदम खाली आला. "हे बघा, मी बरेच दिवस बोलणार होते. तुमचं वय झालं. टेबल सोडा आता. बटणं, काजं बघा, बायकांवर लक्ष ठेवा. कापायचं मी बघते."

कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मोठी, लोखंडी कात्री. एरवी ते ती खुंटीला अडकवतात.

मला त्या क्षणी बोलता आलं असतं तर! सतरा तारीख माझ्याजवळ होती, यशस्वी म्हणून लिहिलेली. पण मला कुणी उघडल्याशिवाय मी बोलू शकत नाही. हे माझं दुःख मी आज प्रथमच सांगतेय.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः कापायला बसली. तिनं मोठ्या साइझचा पॅटर्न पुन्हा छापला आणि ताडून बघायला म्हणून गेल्या वर्षीचा मोठा टॉप त्यावर ठेवला. "अगं बाई, टॉप कागदाबाहेर!" ती म्हणाली. कागद फिरवल्याचा, इस्त्री केल्यासारखा हातानं सपाट केल्याचा आवाज आला. "तरी बाहेरच!"

तिनं कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"यंत्र कागद आखडतंय हो!"

"कधीपासून?"

"मला काय माहीत? सोमवारचे बरोबर आलेत, मंगळवारचे चुकलेत."

"मग मंगळवारी काहीतरी बदललंय. अपडेटचा इतिहास बघा. सेटिंगमध्ये जा. खाली या. अजून खाली. 'अपडेट' दिसतं का?"

"दिसतं."

"दाबा. आता 'इतिहास' दिसेल."

सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दारात आलं. मी होतं नव्हतं तेवढं सगळं समोर मांडलं. ताई ओठांतल्या ओठांत वाचत खाली आली आणि थांबली.

"छपाईयंत्र. सतरा तारीख. यशस्वी," ती म्हणाली. "यशस्वी कसलं डोंबलाचं!"

कॉम्प्युटरवाला हसला. मग त्यानं छपाईचं सेटिंग उघडायला लावलं. अपडेटनंतर 'कागदावर मावेल असं छापा' ही खूण आपोआप पडली होती. त्यामुळे शंभराला शहाण्णव छापलं जात होतं. ताईनं ती खूण काढली.

"पण ताई, त्या पॅटर्नवर चौकोन असतो ना? तो मोजत नाही का कुणी? चार मिलिमीटर कमी भरला असता. तिथंच कळायला हवं होतं," तो म्हणाला.

"मास्तर मोजतात. दर वेळी मोजतात," ताई म्हणाली. तिची खुर्ची करकरली. "जाऊ द्या हो. यंत्राची चूक ती यंत्राची. मीच नको ते बोलून बसले."

फोन ठेवून ती मागे गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मास्तर, चूक तुमची नव्हती. कॉम्प्युटरची होती. मला माफ करा. कात्री घ्या तुमची."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मशिनं सुरू झाली. इथंच गोष्ट संपली असती तर माझ्यासारख्या यादीला चार दिवस मिरवता आलं असतं.

चार वाजता बायका चहाला बाहेर गेल्या. मास्तर पुढच्या खोलीत आले. त्यांच्या चपला मला ओळखू येतात, उजवी घासते.

"पोरी, ती मंगळवारची ओळ दाखव मला," ते म्हणाले.

ताईनं मला पुन्हा उघडलं. "ही बघा."

"कुठली?"

"ही काय, वरून तिसरी."

मास्तर पुढे वाकले. त्यांचा श्वास माइकपर्यंत पोचला. बराच वेळ ते तसेच होते.

"वाचून दाखव," ते म्हणाले.

"मास्तर, अक्षरं चांगली मोठी आहेत."

"असतील. मला सगळं धुरकट दिसतं. सहा महिने झाले." त्यांनी घसा साफ केला. "टेपवरच्या बारीक रेघा तर मला दिसतच नाहीत. चौकोनावर टेप ठेवतो, अंदाजानं दहा म्हणतो आणि खूण करतो. इतकी वर्षं दहाच भरलाय, आजही दहाच असणार, असं म्हणायचो. त्या दोन्ही कागदांवर माझी खूण आहे बघ."

ताईनं खण उघडून कागद काढले. कागद उलगडल्याचा आवाज आला. मग टेपचा. "नऊ पॉइंट सहा," ती हळूच म्हणाली. दुसऱ्या कागदावरचा चौकोनही तेवढाच भरला.

"यंत्र चुकलं हे खरं. पण ते पकडायला मी होतो," मास्तर म्हणाले. "सकाळी तू माफी मागितलीस तेव्हा गप्प बसलो. वाटलं, झाकलं गेलं. पण तुझ्या बापानं मला कात्री दिली ती गप्प बसायला नाही. आता सांग, टेबल सोडू का?"

ताईनं नाक ओढलं. मग म्हणाली, "मला का नाही सांगितलंत सहा महिने?"

"सांगितलं असतं तर तू टेबल सोडायला लावलं असतंस."

"आणि न सांगता काय झालं? तेच केलं मी." ती उठली. "चला, डॉक्टरकडे. आत्ताच्या आत्ता. कारखाना राहू दे उघडा."

मोतीबिंदू नव्हता, नुसता नंबर भरमसाट वाढला होता. शुक्रवारच्या तीस टॉपांसाठी चौकोन ताईनं मोजला, कापड मास्तरांनी कापलं आणि टॉप वेळेत गेले. एकही परत आला नाही. चष्मा शनिवारी मिळाला.

त्या दिवशी ताईनं पडद्यावरचा मापांचा तक्ता काढला. चर्रकन आवाज झाला आणि उजवा कोपरा मोकळा झाला. तक्ता आता शेजारच्या भिंतीवर आहे. निरोप येतात, ताई ते मोठ्यानं वाचते आणि मग 'नंतर' दाबते. सवयी काही एका आठवड्यात जात नाहीत. पण दर सोमवारी सकाळी ती मला उघडते, नवं काय बसलं ते बघते आणि आतल्या खोलीत ओरडून सांगते, "मास्तर, या आठवड्यात दोन बसलेत! चौकोन नीट मोजा!"

तुमच्याही घरी, कचेरीत माझ्यासारखी एक यादी आहे. काल चालणारं काम आज अडलं, तर शेजारच्या माणसावर आवाज चढवण्याआधी एकदा तिच्याकडे जा. ती कुणाची बाजू घेत नाही. दोष कुणाचा, हे तिला सांगता येत नाही. कुठल्या दिवशी काय बदललं, एवढंच ती सांगते, आणि पुढचं माणसांनी एकमेकांना सांगायचं असतं.

परवा मास्तर भिंतीवरच्या तक्त्यापाशी पेन्सिल घेऊन खरडत होते. ते गेल्यावर ताईनं जवळ जाऊन मोठ्यानं वाचलं. मापांच्या खाली त्यांनी लिहिलं होतं: "मास्तरांचे डोळे. नवा चष्मा. शनिवार, चार तारीख. यशस्वी."

ती आधी हसली, मग तिनं ते पुन्हा एकदा हळूच वाचलं.

माझ्याकडे आज तीनशे बारा नोंदी आहेत. सगळ्या आपोआप झालेल्या. आपली कसर आपण ओळखून, आपल्या हातानं कुणी लिहिलेली नोंद या कारखान्यात एकच आहे, आणि ती माझ्यात नाही.