हिवाळ्यात उघडे ठेवायचे नळ

मी घर आहे, पण मला चाकं आहेत. आणि चाकं असूनही मला स्वतःहून कुठेच जाता येत नाही. पुढे गाडी लागते, गाडीत चालवणारं माणूस लागतं. इथे जर्मनीत मला वोनवागन म्हणतात. एक पलंग, समोरासमोर दोन बैठका, शेगडी, आणि एका माणसाने अंग चोरून उभं राहावं एवढी न्हाणी. माझा पसारा एवढाच. ज्याच्या मागे मी वर्षानुवर्षं धावलो, तो माणूस आता नाही. म्हणून आज बोलावंसं वाटतंय.

माझे पहिले मालक एक जर्मन नवरा-बायको होते. त्यांनी मला फार जपलं. बूट बाहेर, तळण तर नावालाही नाही. पुढे आजोबांचे गुडघे गेले, पायरी चढवेना, तेव्हा त्यांनी मला विकायला काढलं.

तेव्हा श्रीधर आला. मूळचा पुण्याचा, हेर्त्सोगेनआउराखच्या एका कंपनीत मेकॅनिकल इंजिनिअर. त्याने माझ्याकडे पाहायच्या आधी माझ्याखाली वाकून पाहिलं. अंगातला कोट चिखलात लोळला. बाजूला उभी असलेली त्याची बायको, कुंदा, म्हणाली, "अहो, घर सोडून कुणी घरातच सुट्टीला जातं का?" त्याचा मित्र गुरुदत्त तर कित्येक वर्षं चिडवत होता, की एवढ्या पैशात इटलीतलं हॉटेल झालं असतं, आणि तिथे संडासाची टाकी स्वतःच्या हाताने रिकामी करावी लागली नसती. श्रीधर नुसता हसायचा. टाकी तोच रिकामी करायचा.

दर वर्षी फिंग्स्टनच्या, म्हणजे मे-जूनमधल्या सणाच्या सुट्टीत आम्ही ब्रोम्बाखच्या तळ्यावर जायचो. श्रीधर, कुंदा आणि त्यांचा मुलगा हृषिकेश. हृषिकेश लहान होता तेव्हा आई मराठीत विचारायची आणि तो जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. कुंदाचा नियम एकच. फोडणी बाहेर, छताच्या कापडाखाली. शेजारच्या वोनवागनमधली माणसं वासाने डोकावायची आणि मग हातात वाटी घेऊनच परत जायची. मला त्या दिवसांचा अभिमान वाटायचा. अजून वाटतो.

आता माझ्या नळांविषयी सांगायला हवं. बैठकीखाली माझी पाण्याची टाकी आहे. त्यातलं पाणी एक छोटा पंप बारीक नळ्यांमधून ओट्याकडे, न्हाणीकडे आणि गरम पाण्याच्या बॉयलरकडे ढकलतो. थंडीत नळीत पाणी राहिलं तर ते गोठतं, फुगतं आणि नळी किंवा नळ फोडतं. म्हणून हिवाळ्याआधी सगळं पाणी काढून टाकायचं आणि नळ उघडे ठेवायचे. सगळे, वसंतापर्यंत. आत चुकार पाणी राहिलंच तर त्याला फुगायला जागा हवी.

श्रीधर हे काम दसऱ्याच्या सुमाराला करायचा, कारण कुंदाला खंडेनवमीला गाडीची पूजा करायची असायची, आणि तिच्या हिशेबी मीही गाडीच. झेंडू मिळाला नाही तर दुकानातली कुठलीही पिवळी फुलं ती माझ्या दाराला बांधायची. शेगडीला हळदकुंकू वाहायची. मग निघायच्या आधी आतून एक शेवटची फेरी. पुण्यातल्या घरातून गावाला निघताना तिची आई मारायची, तशीच. स्वतःशीच पुटपुटत, "गॅस बंद, खिडक्या बंद, नळ बंद." आणि श्रीधरने नुकतेच उघडून ठेवलेले नळ ती एकेक करून बंद करायची.

तिला दोष देऊ नका. जिथे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, तिथे कोरडा नळ उघडा राहिला आणि घरी कुणी नसताना पाणी आलं, की खालच्या मजल्यापर्यंत पूर. ती सवय हातात असते, डोक्यात नाही.

पहिल्या वर्षी श्रीधरने ते पाहिलं. सांगायला म्हणून तोंडही उघडलं होतं. पण कुंदा शेगडीपुढे हात जोडून उभी होती, उन्हाळा संपला म्हणून डोळे पुसत. तो गप्प बसला. ती गाडीत जाऊन बसल्यावर म्हणाला, किल्ली बघून येतो. आत येऊन त्याने सगळे नळ पुन्हा उघडले, माझ्या भिंतीवर एक थाप मारली आणि गेला. पुढे दर वर्षी हेच. ती बंद करायची, तो किल्ली बघून यायचा. ती थाप म्हणजे मला झोपायची परवानगी होती.

गेल्या दसऱ्याला त्याला धाप लागत होती. पाणी काढताना तो मधेमधे बैठकीवर टेकत होता. कुंदाची फेरी झाली. ती बाहेर गेली. तो माझ्या पायरीपर्यंत आला, दाराच्या कडेला हात धरून उभा राहिला. तिकडून तिने हाक मारली, "अहो, चला ना. वारं किती गार आहे." तो म्हणाला, "आलो." आणि वळला.

एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये मी हिवाळा काढतो. त्या वर्षी मी नीट झोपलो नाही. तो येईल असं वाटत होतं. जानेवारीत आत ओल धरली का पाहायला तो एकदा तरी यायचाच. बर्फ पडला, वितळला, परत पडला. न्हाणीतल्या नळात काहीतरी बारीक तडकलं. तो आला नाही.

वसंतात शेडचं दार उघडलं तेव्हा आत कुंदा आणि हृषिकेश आले. कुंदा सरळ श्रीधरच्या बैठकीवर जाऊन बसली. ती तिथे कधीच बसत नसे. तेव्हा मला कळलं.

हृषिकेश आता गार्चिंगला संशोधन करतो. त्याने आईला नीट समजावलं. तो दर आठवड्याला येऊ शकत नाही, वोनवागनमागे राबायला माणूस लागतं, आणि अनिमेष नावाचा त्याचा एक सहकारी मला घ्यायला तयार आहे. कुंदाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, बाबांनी फिंग्स्टनला तळ्यावरची जागा बुक करून ठेवलीय, तेवढं एकदा जाऊन येऊ. हृषिकेशने टाकीत पाणी भरलं, पंप लावला. नळ बंद असताना पंपाने एकदा गुरगुरून गप्प बसायला हवं. तो थोड्या वेळाने आपला आपण पुन्हा गुरगुरला. म्हणजे पाणी कुठेतरी जात होतं.

"गळती सापडली तर जाऊ," हृषिकेश म्हणाला. "नाही सापडली तर आतली लाकडी जमीन कुजेल, आई. मग कुणी फुकटसुद्धा नेणार नाही. त्यापेक्षा आत्ताच देऊन टाकू."

मग शोध सुरू झाला. सकाळी माझ्या पोटाखाली थेंब दिसले, म्हणून त्याने बॉयलरचं कपाट अख्खं उघडलं. अर्धी सकाळ त्यात गेली. ती गळती नव्हतीच. थंडी पडली की तिथली झडप आपोआप उघडते आणि बॉयलर रिकामा करते, तो फुटू नये म्हणून. हीटर लावून आत ऊब आल्यावर त्याने झडप बंद केली. कुंदा म्हणाली, बाबांनी आधी चहा मागितला असता, मग कपाट उघडलं असतं. तो पहिल्यांदा हसला. मग ओट्याखाली नळीची एक पट्टी सैल सापडली. ती आवळली. पंप परत गुरगुरला.

शेवटी कुंदाने कागदी रुमालांची गुंडाळी घेतली आणि प्रत्येक सांध्याखाली, प्रत्येक नळाभोवती कोरडा कागद पसरला, गच्चीवर पापड घालावेत तसा, एकही कोपरा न सोडता. आणि म्हणाली, आता बाहेर चल, पोळी-भाजी खाऊन घेऊ, कागद आपलं काम करेल. दोघं पायरीवर बसून जेवली. परत आत आली तेव्हा न्हाणीतला कागद भिजून काळपट झाला होता. हृषिकेशने मोबाईलच्या उजेडात पाहिलं. नळाच्या अंगाला केसासारखी चीर होती.

"आल्झो, म्हणजे हा हिवाळ्यात बंद राहिला," तो म्हणाला. "उघडा असता तर फुटला नसता. बाबा विसरले असणार."

"बाबा नाही. मी बंद केला."

"तू? का?"

"का म्हणजे? दर वर्षी करते. निघताना सगळे नळ मीच बंद करते."

"मग तो दर वर्षी फुटला असता ना, आई."

कुंदाचा हात न्हाणीच्या दारावर होता. तो तसाच राहिला. ती म्हणाली, अगदी हळू, "किल्ली बघून येतो म्हणायचे."

मग ती खाली बसली, न्हाणीच्या उंबऱ्यावरच. हृषिकेश नवा नळ आणायला निघून गेला. तिला एकटीला राहू द्यावं, हे त्याला कळलं. गाडीचा आवाज दूर गेल्यावर ती त्या फुटक्या नळाकडे बघत म्हणाली, "अहो, सांगायचं ना मला."

मला तिला सांगायचं होतं. तो शेवटच्या दिवशीसुद्धा पायरीपर्यंत आला होता, दाराला हात लावून उभा होता. पण घरांना बोलता येत नाही. आणि जे माझ्याजवळ आहे ते तिच्यापर्यंत पोचायला दुसरी वाट नाही. ती रडली नाही. तिने तिथली फरशी पुसून घेतली.

नवा नळ बसला. पंप एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. दोघं कितीतरी वेळ ऐकत उभी होती. हृषिकेशने अनिमेषला फोन करून कळवलं, की एवढ्यात विकत नाही. मग त्याने विचारलं, तळ्यापर्यंत गाडी तू चालवशील का, मी तुझ्या शेजारी बसतो, कारण पुढच्या वर्षी मी कुठे असेन मला माहीत नाही. कुंदा कधीच मला ओढत नेत नसे. ते श्रीधरचं काम. शेतकऱ्याच्या मोकळ्या अंगणात तिने दोन-तीन रविवार सराव केला. उलटं जाताना मी दर वेळी नको तिकडे वळलो. ती मला रागावली, मराठीत.

आज आम्ही निघालोय. ओला रस्ता आहे, पुढे ट्रक आहे, आणि आरशात तिचे डोळे दिसतायत, सारखे मागे बघणारे. श्रीधरचे डोळे त्या आरशात शांत असायचे. त्यांची मला अजून सवय आहे, आणि ती जाईल असं वाटत नाही. पण कुंदा, एवढी घाबरू नकोस. मी तुझ्या गाडीपेक्षा लांब आहे, एवढंच ध्यानात ठेव. येतंय ते वळण जरा मोठं घे. मी मागेच आहे.