गुरुजींना दोनदा विचारायचं नाही

मुलांनो, जरा डोळे मिटा. लातूरच्या बाहेर मुरमाची धावपट्टी आहे, तिच्या कडेला पत्र्याची खोली आहे आणि उन्हानं तो पत्रा तडतडतो आहे, असं समजा. आता असंही समजा, की एक माणूस कसा मेला ते मोठ्या माणसांनी खोटं लिहून दिलं आहे. खरं काय ते त्या खोलीत बसलेल्या तुम्हालाच ठाऊक आहे. पण खरं सांगितलं तर वडिलांची नोकरी जाईल. बसलात तिथे? उघडा डोळे. तुमच्या जागी अकरा वर्षांची रुद्राणी होती.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नव्हती आणि त्यातली दोन कोरडीच गेली होती. ढग यायचे, घटकाभर सावली धरायचे आणि निघून जायचे. पाऊस पडावा म्हणून त्या ढगांवर मिठाची भुकटी फवारायला एक लहानसं विमान आणलं होतं. ते चालवायचा उदगीरचा सिद्धराम, तिशीही न गाठलेला. जमिनीवरून त्याच्याशी बिनतारी यंत्रावर बोलायचे रुद्राणीचे वडील, महादेवप्पा. नव्या जिल्ह्यात कामं फार, माणसं थोडी. म्हणून शाळेतल्या अनंतराव गुरुजींनाही या कामाला जुंपलं होतं. हातात लहान यंत्र घेऊन ते पट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहत आणि पट्टी मोकळी आहे की नाही ते महादेवप्पांजवळच्या तशाच दुसऱ्या लहान यंत्रावर कळवत.

सकाळची शाळा सुटली की रुद्राणी बापाची भाकरी घेऊन यायची आणि तिथेच बसून ऐकायची. कामाचा नियम एकच होता: जे ऐकू येईल ते शब्दन् शब्द परत म्हणायचं, म्हणजे चूक तिथल्या तिथे सापडते. महादेवप्पा तो इतका पाळत, की सिद्धराम वरून त्यांची थट्टा करी.

“महादेवप्पा, जिल्हा नवा केलाव, पन ढग तेच जुने फाटके ठेवलाव.”

“ढग जुने, फाटके,” महादेवप्पा गंभीरपणे म्हणत.

“अहो, हे परत म्हनायचं नव्हतं.”

गुरुजींच्या यंत्रापुढे मात्र हा नियम ढिला पडायचा. महादेवप्पा त्यांच्याच हाताखाली शिकलेले. गुरूचं वाक्य गुरूलाच परत ऐकवायचं म्हणजे वेडावून दाखवणं, आणि ‘पुन्हा सांगा’ म्हणायचं तर त्याहून वाईट. गुरुजी काहीही बोलले, की हे नुसते “जी गुरुजी” म्हणत. नीट ऐकू आलं नसलं तरी.

“अप्पा, काय म्हनले गुरुजी?” रुद्राणीनं एकदा विचारलं होतं.

“काय म्हनतेत? पट्टी मोकळी हाय. रोज तेच तर म्हनतेत.”

मग एके दिवशी संध्याकाळी पाचला सिद्धराम परत आला. उतरताना त्याच्या डोळ्यांसमोर कलता सूर्य होता आणि खाली धुळीचा लोट. “उतरू का?” त्यानं विचारलं. नेमके त्याच वेळी लहान यंत्रातून गुरुजीही बोलले. दोन आवाज एकमेकांवर चढले. सिद्धरामचं कळलं, गुरुजींचं कळलं नाही. रुद्राणीनं बापाकडे पाहिलं. लहान यंत्रात महादेवप्पा म्हणाले, “जी गुरुजी.” मग मोठ्यात म्हणाले, “पट्टी मोकळी. उतरा.”

पट्टी मोकळी नव्हती. पाण्याचा टँकर ती ओलांडताना चाक निखळून मधोमध बसला होता, आणि गुरुजी तेच सांगत होते. ‘जी’ ऐकून ते निर्धास्त झाले. विमान खाली येताना दिसलं तेव्हा सांगायला वेळ उरला नव्हता. सिद्धरामला टँकर दिसला तोवर चाकं जमिनीला लागली होती. त्यानं विमान बाजूला ओढलं. टँकरवरची माणसं वाचली. विमान पट्टीलगतच्या दगडाच्या खाणीत गेलं आणि सिद्धराम त्यातच गेला.

चौकशीत गुरुजी म्हणाले, “मी वेळेवर सांगितलं. महादेव जी म्हणाला.”

“मी बी लगेच वर कळवलं,” महादेवप्पा म्हणाले. “त्यानंच ऐकलं न्हाई.”

गुरुजींनी आपल्या विद्यार्थ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण काही विचारलं नाही. कागदावर तेच उतरलं: सूचना मिळूनही वैमानिकाने विमान उतरवले.

घरी महादेवप्पा ताटावरून तसेच उठले. “रुद्रू, कुनी इचारलं तर तू भायेर होतीस.”

“पन अप्पा, मी तर—”

“भायेर होतीस.”

आठव्या दिवशी उदगीरच्या बसनं एक बाई आल्या. सिद्धरामची आई, शरणम्मा. मुलाची पेटी न्यायला आल्या होत्या. महादेवप्पांनी त्यांना खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. पेटी मांडीवर घेऊन त्या कुलपावरून बोट फिरवत राहिल्या.

“गावात लोक म्हनायलेत, तुमच्या पोरानं ऐकलं न्हाई म्हनून मेला,” त्या म्हणाल्या. “लहानपनी गल्लीच्या टोकाला असला तरी एका हाकंत यायचा तो. तुम्ही सांगितलं होतं का हो त्याला?”

महादेवप्पा मोठ्या यंत्राकडे बघत होते. “सांगितलं होतं, अव्वा.”

शरणम्मांनी मान हलवली. हळूच, दोनदा. मग पेटी उचलायला लागल्या.

रुद्राणी दारात उभी होती. ती आत आली, पेटीची दुसरी कडी तिनं धरली आणि पेटी पुन्हा खाली ठेवली. बापाकडे न बघता ती शरणम्मांपुढे जमिनीवर बसली.

“अव्वा,” ती म्हणाली, “मी हितंच होते,” आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.