दारापर्यंत नव्वद किलोमीटर

ट्रक शेजारी येऊन थांबला तसा ओरेस्टने डावा पाय रस्त्यावर टेकवला आणि उजवा मुद्दाम पेडलवरच ठेवला. सकाळपासूनचा हा सहावा ट्रक. या भागात रस्त्याकडेला माणूस दिसला की चौकशी केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्यात सहासष्ट वर्षांचा गडी गव्हाच्या शेतांमधून एकटाच सायकल हाणतोय म्हटल्यावर तर नाहीच नाही.

ट्रकमधली बाई शेतावर कापणी करणाऱ्यांसाठी जेवण घेऊन निघाली होती. शेजारच्या सीटवर डबे रचलेले होते. काही बिघडलंय का, असं तिने विचारलं. स्लाव्नाला चाललोय, चर्चच्या हॉलमध्ये सुगीचं जेवण आहे, असं ओरेस्टने सांगितलं.

“अहो काका, अजून चाळीस किलोमीटर आहे. टाका सायकल मागे, मी सोडते.”

“नको. वारा पाठीशी आहे.”

बाईने मान हलवली, एका डब्यातून कोबीच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या दोन गरम सुरळ्या कागदात बांधून दिल्या आणि गेली. ओरेस्टने त्या सायकलच्या सीटवर बसूनच खाल्ल्या. खाली उतरायची त्याची तयारी नव्हती.

ट्रकमध्ये बसायचं तर चार पावलं चालावं लागलं असतं, आणि सगळं घोडं तिथेच अडत होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला कंपवात जडला. हात थरथरायचा त्याचं त्याला फारसं काही वाटत नसे, कॉफी थोडी सांडायची एवढंच. पण चालता चालता पाय जमिनीला खिळायचे, आणि दारात तर हमखास. डोकं म्हणायचं चल, पाय ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. गंमत अशी की सायकलवर बसला की तेच पाय निमूटपणे फिरत राहायचे. जिनाही त्याला कधी नडत नसे. समोर ओलांडायला काही असलं की पाय उचलला जातो, हे कळल्यापासून त्याच्या मुलीने, डारियाने, घरातल्या प्रत्येक दारात लाल पट्ट्या चिकटवल्या होत्या. पण जगभर पट्ट्या कोण चिकटवणार?

मागच्या वर्षी याच हॉलमध्ये आईच्या वर्षश्राद्धाचं जेवण होतं. डारियाने त्याला गाडीतून नेलं. काचेतून त्याला हॉलचं दार दिसलं, आत शंभरेक माणसं दिसली, आणि तो म्हणाला, गाडी वळव. कुणीतरी ती गाडी पाहिली आणि स्टेफाच्या कानावर घातलं. स्टेफा त्याची मोठी बहीण. आईच्या जेवणाला भाऊ दारापर्यंत येऊन परत गेला, हे तिला फार लागलं. तेव्हापासून तिचा फोन नाही. आपल्या आजाराबद्दल त्यानेही तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं. लहानपणापासून जिच्याशी फक्त भांडण केलं तिच्यापुढे रडगाणं कसं गायचं? या वर्षी त्याने तिला कार्डावर फक्त “येतोय” एवढंच लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

मी सोडते, असं डारिया यंदाही म्हणाली होती. ओरेस्ट नको म्हणाला. गाडी वळवता येते, आणि आपण ती पुन्हा वळवू, याची त्याला पक्की खात्री होती. नव्वद किलोमीटर सायकल चालवून आलेला माणूस त्याच पायांनी वाऱ्याविरुद्ध परत जाऊ शकत नाही. त्याला आत जावंच लागतं.

दुपारनंतर वारा आडवा झाला. रस्ता एखाद्या दोरीसारखा सरळ. लांबवर हार्वेस्टर धुरळा उडवत होते. स्लाव्नाची पाण्याची टाकी दिसू लागली आणि तासभर जवळच येईना. मांड्या भरून आल्या होत्या, पण मन उगाचच हलकं झालं होतं. समोरून येणारा प्रत्येक ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत होता, आणि ओरेस्टही हँडलवरचं बोट उचलत होता. दिवसभरात तो आजारी आहे, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हॉलच्या पायरीशी जाऊन त्याने सायकल भिंतीला टेकवली. तीन पायऱ्या तो झपझप चढला. मग दार आलं. पलीकडे गुळगुळीत, चकचकीत फरशी होती.

पाय खिळले.

आतून लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास येत होता. जवळच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली, मग त्यांच्या पलीकडची. एकेक आवाज बंद होत गेला. ओरेस्टच्या कानशिलावरून घामाची धार लागली. हाताची थरथर लपवायला त्याने चौकट घट्ट धरली.

हातात पळी घेऊन स्टेफा स्वयंपाकघरातून दाराशी आली. चेहऱ्यावर वर्षभराचा राग होता.

“आलास? का आजही दारातूनच परत?”

स्टेफाने चौकटीवरचा थरथरणारा हात पाहिला. मग खाली त्याचे धुळीने माखलेले बूट पाहिले, जागचे न हलणारे. तिने पळी टेबलावर ठेवली.

लहानपणी या बहिणीने एक खोडी कधी सोडली नव्हती. तो दारातून पळत आला की आडवा पाय घालायची. त्याच्या हनुवटीवर तिची खूण अजून होती. आता बाहत्तर वर्षांच्या, सुजलेल्या घोट्याच्या स्टेफाने चौकटीला धरून आपला उजवा पाय त्याच्यासमोर आडवा घातला.

“ये बघू. हिंमत असेल तर जाऊन दाखव.”

ओरेस्टचा पाय आपसूक उचलला गेला आणि तिच्या पायावरून पलीकडे पडला. दुसराही मागोमाग आला. तो आत होता.

दोन पावलांवर पाय पुन्हा अडले. स्टेफाने आता डावा पाय आडवा घातला. भर सभेत दोघं म्हातारे असे टेबलापर्यंत गेले, आणि कुणी हसलं नाही.

त्याला खुर्चीत बसवून ती ताट वाढू लागली. तिची मान खाली होती.

“मागच्या वर्षी यासाठीच परत गेलास?”

“हो.”

“मग तेव्हाच बोलवायचं होतंस, मूर्खा. मला पाय नव्हते का?”